पावलं मोडायचा पूल

आमच्या चर्चला जायचं तर ओढा ओलांडावा लागतो आणि ओढा ओलांडायचा तर पाऊल मोडावं लागतं. हाड मोडायचं नाही, ताल मोडायचा. शेजारच्या माणसाचा डावा पाय पडेल तेव्हा आपला डावा पडू द्यायचा नाही, बस. पुलाच्या तोंडाशी दर रविवारी माझे बाबा उभे असतात. कडक इस्त्रीचा कोट, टाय, हात पाठीमागे. एखादं जोडपं गप्पांच्या नादात पायाला पाय जुळवून पुलावर चढलं की बाबा म्हणतात, "पाऊल मोडा." ओरडत नाहीत. पण ज्या आवाजाने एके काळी अख्खी पलटण जागच्या जागी थांबायची, तो आवाज दबला की जास्तच लागतो. जोडपं लगेच मोडतं.

बाबा सैन्यात पूल बांधणाऱ्या तुकडीत होते. बाकीच्यांनी परत येताना पेट्या आणल्या, ब्लँकेटं आणली. बाबांनी दोन नियम आणले. पहिला, पुलावरून कवायतीने चालायचं नाही. सगळे पाय एकदम पडले की पूल हलायला लागतो, झोक्याला लयीत ढकलावं तसा, आणि हलता हलता एखाद दिवशी जातो. दुसरा, ज्याने पूल बांधला त्याने पहिल्यांदा त्यावरून वाहतूक जाताना पुलाखाली उभं राहायचं. म्हणजे बांधणारा मन लावून बांधतो. दोन्ही नियम शहाणपणाचे आहेत, कोण नाही म्हणतंय. फक्त तिकडे पुलावरून रणगाडे जायचे. आमच्या पुलावरून दातांचे डॉक्टर, त्यांची बायको आणि त्यांची छत्री जाते.

सैन्य सोडल्यावर बाबा संध्याकाळच्या कॉलेजात शिकून इंजिनिअर झाले आणि चर्चचा हा छोटा लोखंडी पूल त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या हिमतीवर बांधला. पुढे नोकरीत त्यांनी केवढाले पूल केले. हातोडीने बोल्ट ठोकून, कान देऊन, कुठला सैल आहे ते सांगायचे. पण त्यातल्या एकाही पुलावर ते पहारा करत बसले नाहीत. पहारा ह्याच पुलावर. मग चर्चच्या मंडळीने त्यांना आपले 'वडील' नेमलं. पाळकांच्या खालोखाल जबाबदारीचं पद हे: प्रार्थना चालवायची, आजाऱ्यांना भेटायचं, भांडणं मिटवायची. बाबांनी त्यात पुलाची भर घातली. समोर सगळे त्यांना आदराने वडील म्हणतात. मागे म्हणतात पाऊलमोडे, आणि इतक्या सहज, की नवीन आलेल्यांना ते आमचं आडनावच वाटतं.

पुलाचं वय माझ्याएवढंच. म्हणजे मंडळीतली एक सबंध पिढी ह्या पुलावर चालायला शिकली, आणि ते दिसतं. दातांचे डॉक्टर तीन पावलं टाकून चौथ्याला थबकतात, घरी काहीतरी विसरल्यासारखे. त्यांची बायको त्या थबकण्यात आपली दोन पावलं बसवते. गायनमास्तरांचा ताल आत ऑर्गनवर बसल्यावर सुतासारखा सरळ, पण पुलावर ते बेडकासारखे जातात. लग्न लागल्यावर नवरा-नवरी पुलावरून अशी येतात की पाहणाऱ्याला वाटावं, ह्यांचं बिनसलं इतक्यात. अंत्ययात्रेला चार खांदे चार तालांत, त्यामुळे पेटी सारखी डोलत जाते. एका आजोबांच्या वेळी त्यांच्या बायकोने रडता रडता पेटीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, जन्मभर कशाला हो म्हटलं नाही, आता बघा.

एकदा परगावचे एक उपदेशक पाहुणे म्हणून आले. त्यांना वाटलं ही आमची नम्रतेची काही जुनी रीत आहे. ती त्यांना इतकी आवडली की त्यांनी आपल्या मंडळीत नेली. त्यांच्याकडे ना ओढा, ना पूल. सपाट फरशीवरून माणसं अडखळत वेदीपर्यंत जातात असं कानावर आलंय, आणि भक्तीत बराच फरक पडलाय म्हणे.

हे सगळं असंच चालत राहिलं असतं. पण माझी लेक जन्मली आणि आईचा गुडघा गेला.

लेकीसाठी बाबांनी पाळणा केला. सागवानी, सांध्यांत एकही खिळा नाही. बाळाला ठेवण्याआधी बाबा स्वतः त्यात झोपले. गुडघ्यांपासून खाली पाय बाहेर, हात छातीवर, नजर छताकडे. आईला म्हणाले, हलव. आई हलवू लागली. बाबा कान देऊन सांधे ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांचा डोळा लागला. मी बाळाला खांद्यावर घेऊन ताटकळत उभी. उठव ना त्यांना, असं मी खुणेने म्हटलं. आई म्हणाली, राहू दे, तपासणी चालू आहे. आणि हलवत राहिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावून सांगितलं की काही महिने एकटीने चालायचं नाही. कुणाचा तरी दंड घट्ट धरायचा आणि त्या माणसाने हिच्या पायाला पाय जुळवून चालायचं. त्याचा पाय वेगळा पडला की हिचा तोल गेलाच म्हणून समजा. बाबा असे खुलले की विचारू नका. सकाळ-संध्याकाळ व्हरांड्यात दोघांची फेरी. "डावा. उजवा. डावा." आईचं एक पाऊल लांब, एक आखूड; बाबा तेवढंच लांब, तेवढंच आखूड टाकायचे. वळताना तर असे वळायचे की भिंतीने सलामी द्यावी. आई मला म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदाच हा माणूस माझ्या बरोबरीने चालतोय. नाहीतर कायम दोन पावलं पुढे, रस्ता तपासत.

मग बाळाच्या बाप्तिस्म्याचा रविवार ठरला. जेवताना आई सहज म्हणाली, "पुलावर मला तुमचा हात लागेल हं."

बाबांनी चमचा खाली ठेवला. "पुलावर नाही."

"आपण दोघं आहोत. पलटण नाही."

"सुरुवात दोघांपासूनच होते."

"कशाची?"

"हलण्याची."

आई माझ्याकडे वळली. "बघून ठेव. ह्या माणसाने गुडघ्यावर बसून मला मागणी घातली होती. तेव्हा काही हललं नव्हतं."

बाबांनी मग एकेक तोड काढायला सुरुवात केली. चाकांची खुर्ची आणू म्हणाले. चाकाला पाऊल नसतं. आई म्हणाली, मी सामान नाही. चार जणांनी स्ट्रेचरवर न्यायचं, आणि चौघांनी अर्थातच पाऊल मोडून, असं ठरलं. त्याची चाचणी दातांच्या डॉक्टरांना झोपवून झाली. पुलाच्या मध्यावर डॉक्टर कठड्याला लटकलेले आढळले. बाप्तिस्माच अलीकडच्या काठावर करावा असं बाबांनी पाळकांना सुचवून पाहिलं. ते म्हणाले, बाप्तिस्म्याचं दगडी पात्र जमिनीत पुरलेलं आहे, वडील, आणि ते तुम्हीच पुरून घेतलंय. वादळातही हलणार नाही असं.

शेवटी आईने आपलं सांगून टाकलं. ती अलीकडे खुर्ची टाकून बसेल. आम्ही पलीकडे नातीचा बाप्तिस्मा उरकावा. पाणी उरलं तर ओढ्यात सोडावं, वाहत आलं की ती इथून बघेल.

हे ती हसत बोलली. पण त्या दिवसापासून व्हरांड्यातल्या फेऱ्या तिने माझा दंड धरून सुरू केल्या. बाबा दाराशी उभे राहून बघत. एकदा मी त्यांना तिथेच उभ्या उभ्या पाय बदलताना पाहिलं: डावा, उजवा, लांब, आखूड.

आमचे पाळक तरुण आहेत, नुकतेच आलेत, आणि त्यांना प्रश्न मुळाशी जाऊन सोडवायला आवडतात. बाबांना एकटं गाठून त्यांनी आधी कारण काढून घेतलं, मग ते घरी आले. बाळाला मांडीवर घेतलं, बाळाने त्यांची कॉलर चघळायला घेतली, आणि ते फार हळुवारपणे म्हणाले, "वडील, न दिसणाऱ्या देवावर तुमचा विश्वास आहे. मग न दिसणाऱ्या पायावर का नाही?"

"देवाचं काम मी तपासत नाही," बाबा म्हणाले. "ठेकेदाराचं तपासतो."

पाळक गेल्यावर मी विचारलं, कुठला पाया. बाबा पाळण्याचा सांधा पुसत बसले होते, न पुसता चालला असता असा. हळूहळू सांगितलं. पुलाचा एकेक बोल्ट त्यांनी स्वतः आवळलाय. वाळूची पोती रचून वजन घेतलंय. पण पोत्यांना पाय नसतात. आणि ओढ्यात मधला जो खांब आहे, त्याचा पाया ओतला तेव्हा बाबा तिथे नव्हते. संध्याकाळी जाऊन पाहतात तर ठेकेदाराने खड्डा भरून, वर सपाट करून, हातपाय धुऊन घेतलेले. म्हणाला, छान झालंय, साहेब.

"छान हे माप नाही," बाबा मला म्हणाले, जणू ठेकेदार मीच.

"पण तुम्ही कुठे होतात?"

बाबा पुसत राहिले. आतून आईच म्हणाली, "माझ्याजवळ. कुठे असणार? तू ठरल्या दिवसाच्या कितीतरी आधी निघालीस. निरोप गेला तसे हातात ओळंबा, तो दोरीला लोंबता लोखंडी गोळा, घेऊन धावत आले. नर्सने तो काढून घेतला, बाळाला लागेल म्हणून."

आणि पूल खुला झाला त्या दिवशी? नियमाप्रमाणे त्यांनी खाली उभं राहायला हवं होतं. तर त्या दिवशी मी म्हणे कुणाकडेच जाईना. बाबांच्या खांद्यावरून उतरवलं की आकाशपाताळ एक करायची. बाळाला घेऊन पुलाखाली उभं राहता येत नाही, त्यामुळे बाबा मला थोपटत काठावर उभे राहिले आणि मंडळी एकेक करून, पावलं मोडत, पार झाली. खाली कुणीच नव्हतं.

मी बाळाला पाजायला घेतलं. ती पिता पिता माझ्याकडे टक लावून बघत होती. मी तिला मनात म्हटलं, बघ बाई, माणसाने जरा वेळेवर यावं. आपल्या घाईपायी कुठली माणसं कुठवर लंगडत जातात, सांगता येत नाही.

रविवारी बाबा आमच्या आधीच निघून गेले होते. आम्ही पोचलो तर मंडळी अलीकडच्या काठावर जमलेली आणि बाबा ओढ्यात. कोट आणि टाय होताच, डोक्यावर कामावरचं पिवळं शिरस्त्राण, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि एक तळवा मधल्या खांबावर, डॉक्टर छातीवर ठेवतात तसा. त्यांनी वर बघून जाहीर केलं की आज पुलाची राहिलेली तपासणी होईल. मंडळीने पुलावरून कवायतीने जायचं. सक्ती नाही. पोहता येणाऱ्यांनीच पुढे यावं.

ओढ्याला पाणी बाबांच्या घोट्याच्या वर येत नव्हतं. तरी बरेच जण विचारात पडले. मग दातांचे डॉक्टर म्हणाले, मला थोडंफार येतं, आणि त्यांच्या मागे एकेक करून सगळ्यांनाच पोहता येऊ लागलं.

पाळक सर्वांत पुढे. गायनमास्तरांनी कठड्यावर छत्रीने ठेका धरला. एक, दोन, एक, दोन. आणि मंडळी निघाली.

काय सांगू. बटाट्याचं पोतं जिन्यावरून सांडावं तसा आवाज झाला. डॉक्टर चौथ्या पावलाला थबकले, त्यांची बायको त्यांच्या पाठीवर, तिच्या पाठीवर बाकीचे. गायनमास्तर स्वतःच्या ठेक्यावर स्वतःच चालू शकेनात. खालून बाबा सांगत होते, "एकदम टाका. डावा. बरं, उजवा घ्या. कुठलाही घ्या, पण सगळ्यांनी एकच." पुन्हा केलं. पुन्हा सांडलं. चुकू नये म्हणून माणसं शेजाऱ्याच्या पायाकडे बघायची आणि पाय आपोआप दुसरा पडायचा. एकटे पाळक नवीन असल्यामुळे तालात चालत पलीकडे पोचले, मागे वळून पाहिलं तर बरोबर कुणी नाही. ते पुन्हा अलीकडे आले. हे असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. म्हाताऱ्यांना दम लागला. कुणीतरी हसायला लागलं, मग सगळेच.

बाबा हसत नव्हते. त्यांचा तळवा खांबावरच होता. इतकी वर्षं जपून जपून ज्या पायांचा ताल त्यांनी मोडून ठेवला होता, त्यातला एकही आता त्यांच्या कामाचा राहिला नव्हता.

आई काठावर खुर्चीत बसली होती. म्हणाली होती तशीच, फक्त चर्चकडे पाठ करून. ती न वळता म्हणाली, "अहो, वर या."

"तपासणी झालेली नाही."

"होणारही नाही. ह्यांना तुम्ही बिघडवून ठेवलंत. आता ह्या मंडळीत पायाला पाय जुळवणारी दोनच माणसं उरलीत आणि त्यातलं एक पाण्यात उभं आहे."

बाबा म्हणाले, तू लेकीचा हात धरून चाल, मी खाली उभा राहतो.

आता ती वळली. "तुमच्या डोक्यावरून चालायला मी लग्न केलं नाही."

 बाबा वर आले. बुटांतून पाणी गळत होतं. आईसमोर उभे राहिले, शिरस्त्राण काढलं, पुन्हा घातलं. आणि इतक्या हळू आवाजात म्हणाले की फक्त आम्हालाच ऐकू आलं, "पण खाली कुणीतरी हवं ना."

मी बाळ नवऱ्याकडे दिलं, चपला काढल्या आणि उतरले. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर झालंच नसतं. पाणी गार होतं. खांबावर बाबांच्या तळव्याचा ओला ठसा अजून वाळला नव्हता. त्यावरच मी माझा हात ठेवला. खालून पूल पहिल्यांदाच पाहत होते मी. प्रत्येक बोल्टवर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका, बाबांचा, तपासून झाल्याची खूण. खांबाच्या बुडाशी तेवढा ठिपका नव्हता.

बाबा आईला घेऊन पुलावर चढले आणि फळ्यांच्या फटीतून त्यांना मी दिसले.

"वर ये," ते म्हणाले.

"बांधणाऱ्याच्या घरचं माणूस चालतं का खाली?"

"नियमात तसं काही नाही."

"चालत नाही असं आहे का?"

 फटीतून मला त्यांच्या ओल्या बुटांचे तळ दिसत होते आणि आईच्या चपलांचे. ते बूट पुढे जाईनात, मागेही जाईनात. वर त्यांची बायको, खाली त्यांची लेक, आणि मध्ये तो पाया, जो त्यांनी माझ्यापायी पाहिला नव्हता.  काठावर माझा नवरा बाळाला घेऊन उभा होता, बाळ त्याचा टाय चोखत होतं.

मग आईचा आवाज आला. आजवर हा हुकूम तिने कधी दिला नव्हता. ती म्हणाली, "डावा."

आणि दोन डावे पाय एकदम पडले.

धप. मग थोडा वेळ काहीच नाही, कारण आईचा दुसरा पाय उशिरा येतो. मग धप. लांब, आखूड. लांब, आखूड. दोन माणसं, आवाज एक. माझ्या डोळ्यांत फटीतली धूळ पडत होती. ते अगदी माझ्या डोक्यावर आले तेव्हा खांबातून हाताला काहीतरी लागलं. काहीच नाही लागलं असं मी म्हणणार नाही. अंगावर झोपलेलं बाळ मध्येच सुस्कारा टाकतं, तेवढं. मग तेही गेलं. पावलं पुढे गेली, पलीकडे गेली, आणि मातीवर उतरल्यावर त्यांचा आवाज बंद झाला.

बाबा धावत परत कठड्याशी आले आणि वाकले. शिरस्त्राण पाण्यात पडून वाहत चाललं, त्यांचं लक्ष नव्हतं. "काय वाटलं?"

"छान," मी म्हटलं.

बाबांनी तोंड उघडलं. पलीकडून आई बघत होती. बाबांनी तोंड मिटलं आणि मान डोलावली.

बाप्तिस्मा झाला. त्या दिवशी मी आणि बाबा ओले होतो, बाळ कोरडं. पाळकांनी ती कसर भरून काढली. मंडळीचे वडील म्हणून बाबांना पाळकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची होती, ती त्यांनी खणखणीत दिली. दर उत्तराला त्यांच्या बुटांतून पाणी वाजत होतं.

पुढच्या रविवारी आम्हाला वाटलं, आता मोकळं चालता येईल. पाहतो तर बाबा पुलाच्या तोंडाशी, हात पाठीमागे. "पाऊल मोडा." दातांच्या डॉक्टरांनी धीर करून विचारलं की वडील, आता तर सिद्ध झालं ना. बाबा म्हणाले, एका जोडप्याचं झालं. तेही जातानाचं. येताना खाली कुणी नव्हतं, ते अजून पाहायचंय.

तेव्हापासून उपासना सुटली, मंडळी पार झाली, की आई-बाबा पुलावर चढतात. दंडात दंड, पायाला पाय, पलीकडून अलीकडे, पुन्हा पलीकडे आणि पुन्हा अलीकडे. खाली उभं राहायला आता मंडळीत चढाओढ आहे. पाळक तर चपला काढूनच येतात. एकदा खालून वर आल्यावर त्यांनी खांबाच्या बुडाशी ठिपका का देत नाही म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, रंग सुकलाय, आणायचा आहे.

आईचा गुडघा कधीच बरा झाला. आता आधाराची गरज नाही असं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दोघांच्या समोर सांगितलं. आईने बाबांकडे पाहिलं आणि विचारलं, मग आता?

"तपासणी अर्धवट सोडता येत नाही," बाबा म्हणाले, आणि दंड पुढे केला.